कमानीखालची वाट कुणाची? दादाभाई नौरोजी रस्त्याबद्दल एक खुलं पत्र

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



ज्या रस्त्याबद्दल हे पत्र आहे तो आपल्या मुख्यालयाला लागूनच जातो. महात्मा जोतिबा फुले मंडईपाशी तो सुरू होतो. जे. जे. कलाशाळा, अंजुमन-इ-इस्लामची शाळा, महापालिका भवन आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) मागे टाकून तो फोर्टात शिरतो आणि हुतात्मा चौकात संपतो. कागदोपत्री तो दादाभाई नौरोजी मार्ग, बोलताना सगळ्यांचाच डी. एन. रोड. या रस्त्याच्या वारशाची चर्चा होते ती घुमट, मनोरे, कोरीव दगड आणि रंगीत काचा यांची, म्हणजे मान वर करून पाहण्याच्या गोष्टींची. माझं म्हणणं असं आहे की या रस्त्यावरची सर्वांत मोलाची वास्तू माणसाच्या पायाखाली आहे. इमारतींच्या तळमजल्यावर कमानींच्या आतून जाणारी ती सलग झाकलेली वाट, म्हणजेच आर्केड, हा या रस्त्याचा खरा वारसा आहे. आज तिला कोणी धनी नाही. महापालिकेनं तिला सार्वजनिक रस्त्याचा भाग म्हणून उघडपणे आपलं म्हणावं आणि फरशीपासून छतापर्यंत तिची देखभाल स्वतःकडे घ्यावी, एवढीच या पत्राची मागणी आहे. ती अवाजवी का नाही, हे सविस्तर मांडतो.

गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झालं. शहराभोवतीचा जुना कोट पाडायचं काम त्याच सुमारास हाती घेतलं जात होतं. बाजारगेट, चर्चगेट, अपोलो गेट हे त्या वेळी खरोखरचे दरवाजे होते. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर होते. तट पाडून कोंडलेलं शहर मोकळं करायचं त्यांनी ठरवलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये हा फुगा फुटला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या, पण तट पडायचा तो पडलाच. तोवर हॉर्नबी रो, म्हणजे आजचा डी. एन. रोड, ही कोटातली एक लहानशी गल्ली होती. अठराव्या शतकातले गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचं नाव तिला होतं. तट गेल्यावर ती रुंद झाली, हॉर्नबी रोड झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत शहराचा दर्शनी रस्ता बनली. चर्चगेट होतं त्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. रिचर्ड नॉर्मन शॉनं आराखडा केलेलं हे कारंजं आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजलेलं होतं.

त्या काळात मुंबईत दोन प्रकारची बांधकामं झाली आणि दोन्हींमधला फरक नीट पाहायला हवा. मैदानाच्या कडेनं सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय ही ओळ उभी राहिली ती सरकारच्या इच्छेनं, बरीचशी सरकारच्या पैशानं आणि जोडीला धनिकांच्या देणग्यांवर. तिथं एकच मालक होता, एकच हुकूम होता आणि प्रत्येक इमारतीला हवी तेवढी ऐसपैस जागा होती. हॉर्नबी रोडवर, विशेषतः त्याच्या पश्चिम बाजूला, तसं काहीच नव्हतं. तिथं पारशी धर्मादाय संस्था होत्या, विमा कंपन्या होत्या, चष्म्यांची, कापडाची, पुस्तकांची दुकानं होती, शाळा होत्या, अग्यारी होती. ज्याचा त्याचा प्लॉट, ज्याचा त्याचा वास्तुकार आणि ज्याची त्याची आवड. अशा ठिकाणी सुंदर रस्ता तयार होईल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. तो झाला याचं मोठं श्रेय एका नियमाला जातं. १८९६ साली सरकारनं असं बंधन घातलं की या रस्त्यालगतच्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी आर्केड ठेवलंच पाहिजे. वरती काय करायचं ते मालकानं ठरवावं, खालून मात्र माणसाला चालता आलं पाहिजे. १८८५ ते १९१९ या काळात इथं ज्या इमारती झाल्या त्यांना बांधून ठेवणारा धागा हाच आहे.

नियम साधा होता, पण त्याची करामत पाहा. मेरवानजी बाना आणि कंपनीनं आराखडा केलेली जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची १८९८ची इमारत निओ-गॉथिक वळणाची आहे. तिच्या वाचनालयाची परंपरा तर १८५६ पर्यंत मागं जाते. जवळच १८८१ची वाच्छा अग्यारी आहे. तिच्या दाराशी माणसाचं तोंड, बैलाचं धड आणि गरुडाचे पंख असलेले प्राचीन इराणी वळणाचे द्वारपाल बसलेले आहेत. काही पावलांवर जिचे खांब ग्रीक-रोमन वळणाचे आहेत अशी इमारत लागते. पुढे इंडो-सारासेनिक कमानी दिसतात आणि मध्येच एखादी १९३०च्या दशकातली आर्ट डेको इमारत. पोरबंदरचा पांढुरका चुनखडीचा दगड, मालाडचा पिवळसर दगड आणि नंतरचं सिमेंट शेजारी शेजारी उभं आहे. एवढ्या भिन्न तोंडवळ्याच्या इमारती एका रांगेत ठेवल्या तर एरवी गलका व्हायला हवा होता. तो होत नाही, कारण डोळ्यांच्या पातळीवर खांब आणि कमान, खांब आणि कमान हा ठेका कुठेही तुटू दिलेला नाही. मोठमोठ्या वास्तुकारांची नावं या शहराच्या तोंडी आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स तर आपल्या मुख्यालयाचे आणि समोरच्या टर्मिनसचे शिल्पकारच. पण डी. एन. रोडला रस्तेपण दिलं ते कुठल्याही वास्तुकारानं नव्हे. ते दिलं कारकुनानं टिपलेल्या एका कलमानं. नागरी नियमाचं इतकं यशस्वी उदाहरण मुंबईत दुसरं मला दिसत नाही.

या नियमात एक देवाणघेवाण होती. मालकाला रस्त्याच्या कडेपर्यंत बांधायला मिळालं, वरचे मजले पायवाटेच्या डोक्यावर आणता आले आणि दुकानाच्या दर्शनी भागाला सावली मिळाली. बदल्यात शहराला ऊन-पावसापासून झाकलेली वाट मिळाली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आणि एप्रिल-मेमध्ये घामानं निथळणाऱ्या शहरात अशी वाट ही फार मोठी सोय आहे. सीएसएमटीला उतरणारा कारकून, जे. जे.चा विद्यार्थी, न्यायालयाकडे निघालेला पक्षकार, सिद्धार्थ कॉलेजला जाणारी मुलगी, या सगळ्यांसाठी छत्री न उघडता फोर्टात पोचायची ही व्यवस्था होती. आज कुणी बांधकाम व्यावसायिक जादा चटई क्षेत्र मागतो तेव्हा ‘शहराला काय देणार?’ हा प्रश्न आपण विचारतो, निदान विचारायला हवा. हॉर्नबी रोडवर तो सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर दगडात बांधून घेतलं गेलं होतं. मालकांच्या वाट्याचं त्यांना मिळालं आणि ते आजही त्यांच्याकडे आहे. शहराच्या वाट्याचं मात्र हळूहळू निसटत चाललं आहे.

कसं निसटतं आहे ते पाहायला फार खोलात जावं लागत नाही. आर्केडमधून चालताना इमारत बदलली की फरशी बदलते. कुठं जुना घडीव दगड, कुठं शहाबादी, कुठं कोटा आणि कुठं एखाद्या दुकानदारानं हौसेनं बसवलेली गुळगुळीत चकचकीत टाइल. या टाइलवर पावसाळ्यात ओल्या चपलेनं पाऊल टाकणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. दोन इमारतींच्या सांध्यावर फरशीची पातळी चार बोटं वर नाहीतर खाली, कधी एक पायरी, कधी दोन. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसाला किंवा पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला ही वाट बंदच आहे. वर पाहिलं तर छताचा गिलावा सुटून गंजलेल्या सळया दिसतात. खांबांच्या बैठकीवर ऑइलपेंटचे थरावर थर. कमानीच्या पोटातून वायरींचे झुबके लोंबतात आणि वातानुकूलन यंत्रांचं पाणी थेट चालणाऱ्याच्या डोक्यावर ठिबकतं. काही दुकानांच्या पायऱ्या आणि काचेची कपाटं पुढे सरकत सरकत खांबाला भिडली आहेत. काही ठिकाणी रात्री दिवा नसतो आणि सात वाजता दुकानं बंद झाली की लोक आर्केड सोडून थेट गाड्यांच्या रस्त्याकडेनं चालतात. झाकलेली वाट मोकळी असताना माणसं उघड्यावरून चालतात, तेव्हा ती वाट मोडलेली आहे असंच समजायला हवं.

वारसा जतनाच्या बाबतीत या रस्त्याकडे दुर्लक्ष झालं असं मात्र म्हणता येत नाही, आणि मी म्हणणारही नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ६७व्या कलमाखाली १९९५ साली मुंबईची वारसा यादी अमलात आली. भारतातल्या शहरांत अशा नियमांची ती सुरुवातच होती. नव्या नियमावलीत तेच काम ५२व्या कलमाखाली चालतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डी. एन. रोडवर एक वेगळा प्रयोग झाला. वास्तुकार आभा नारायण लांबा यांनी दुकानांच्या पाट्यांसाठी मार्गदर्शक सूत्रं आखली. कमानीवर आडव्या ठोकलेल्या भल्यामोठ्या पाट्या काढून त्या कमानीच्या आत, इमारतीच्या अंगाला शोभतील अशा बसवायच्या, हा त्यातला मुख्य विचार. दुकानदार आणि मालक एकत्र आले, २००१ साली हेरिटेज माइल असोसिएशन उभी राहिली, दिव्याचे खांब आणि बाक बदलले. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. कायद्याचा बडगा फारसा न उगारता समजुतीनं एवढा बदल घडवता येतो, हे त्या प्रयोगानं सिद्ध केलं आणि त्याचं ऋण मान्यच केलं पाहिजे. पण त्या कामाचा भर रस्त्याच्या चेहऱ्यावर होता. पाट्या हटल्यामुळे कमानी दिसू लागल्या, आणि कमानींच्या आतल्या वाटेचं रोजचं उत्तरदायित्व कुणाचं, हा प्रश्न तसाच उरला. जे काम सदिच्छेवर चालतं ते उत्साह ओसरला की मंदावतं. फरशी रोज झाडायला आणि छत दर पावसाळ्याआधी तपासायला सदिच्छा पुरत नाही, त्याला खातं लागतं, अंदाजपत्रकात रक्कम लागते आणि जबाबदार अभियंता लागतो.

आपली वारसा यादी मुळात इमारती मोजते. श्रेणी बहुतेक वेळा इमारतीला मिळते, परवानगी इमारतीसाठी लागते, दुरुस्तीचा अर्ज इमारतीचा मालक करतो. पेटिट इन्स्टिट्यूटनं आपली वास्तू पुनरुज्जीवित केली आणि २०१५ साली तिलाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. जे. जे. पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनसारख्या संस्थांनीही आपापलं घर सांभाळलं आहे. २०१७ साली मेट्रोच्या भुयाराच्या कामामुळे इमारतीला धोका आहे म्हणून पेटिट इन्स्टिट्यूट उच्च न्यायालयात गेली. ज्या संस्थेकडे विश्वस्त आहेत, वकील आहेत, परंपरेचा अभिमान आहे तिनं आपल्या वास्तूसाठी न्यायालयाचं दार ठोठावलं. पण आर्केडच्या वतीनं न्यायालयात कोण जाणार? ते अनेक मालकांच्या अंगणातून जातं आणि म्हणून एकाचंही नाही. इमारतीमागून इमारत उत्तम दुरुस्त होत गेली तरी मधली वाट मोडलेलीच राहू शकते, आणि आज तसंच घडतं आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ही जागा खासगी आहे, मालमत्ता पत्रकावर मालकाचं नाव आहे, महापालिका तिथं हात कसा घालणार? याचं उत्तर आपल्याच कायद्यात आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा, म्हणजे आर्केडच्या नियमाच्याही आधीचा. त्यातली रस्त्याची व्याख्या इतकी व्यापक आहे की कमान, पायवाट, बोळ आणि ज्यावरून लोक वीस वर्षं अखंड ये-जा करत आले आहेत अशी कुठलीही वाट तिच्यात सामावते. डी. एन. रोडच्या आर्केडमधून लोक वीस नव्हे, शंभराहून अधिक वर्षं चालत आहेत. जमिनीची मालकी आणि चालण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मालकाकडेच राहू द्यावी, दुसरा लेखी नोंदवावा. इटलीतल्या बोलोन्या शहरात १२८८ साली असाच नियम झाला होता की नव्या घरांनी रस्त्याकडेला झाकलेली ओसरी ठेवावी. ओसरी घरमालकाची, वापर सगळ्या गावाचा. आज त्या शहरात अशा ६२ किलोमीटर ओसऱ्या आहेत आणि २०२१ साली त्यांतल्या निवडक भागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हा दर्जा कुठल्या एका राजवाड्याला नाही, चालायच्या वाटेला मिळाला आहे. सिंगापूरच्या १८२२च्या नगररचनेतही दुकानांपुढे सलग झाकलेली पायवाट ठेवायचं बंधन होतं. म्हणजे मी मागतो आहे ते जगावेगळं नाही आणि मुंबईला नवंही नाही.

दुसरा आक्षेप मालकांच्या बाजूनं येतो आणि त्यात तथ्य आहे. फोर्टातल्या बहुतेक जुन्या इमारतींत भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९च्या कायद्यानं बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या या संरक्षणातून वगळल्या, पण लहान दुकानं आणि कचेऱ्या तशाच राहिल्या. ज्या इमारतीचं महिन्याचं सगळं भाडं एका कुशल पाथरवटाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकंही भरत नसेल, तिच्या मालकानं शंभर वर्षांचं दगडी काम सांभाळावं अशी अपेक्षा कशी धरायची? वर वारसा श्रेणी असल्यामुळे पाडून नवं बांधायची वाटही बंद. अशा मालकाला नोटीस पाठवून काही साधत नाही. माझा मुद्दा नेमका इथंच उपयोगी पडतो. आर्केडची फरशी, छत, दिवे आणि पाण्याचा निचरा ही जबाबदारी महापालिकेनं घेतली तर मालकाचा भार कमी होतो. तळमजल्याचा जो भाग लोकांच्या वापरात आहे त्यापुरती मालमत्ता करात सूट द्यावी. वारसा इमारतींसाठी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद आपल्या नियमांत आहेच. तिचा लाभ घेणाऱ्या मालकानं आर्केडचा सार्वजनिक वापर नोंदणीकृत करून द्यावा, अशी अट घालता येईल. १८९६चा सौदा याच जातीचा होता, फक्त आज त्याची कागदपत्रं नव्यानं करावी लागतील.

फेरीवाल्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि तो टाळून हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. आर्केड मोकळं करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर पहिला येतो तो खांबाला टेकून घड्याळं दुरुस्त करणारा, जुनी पुस्तकं मांडणारा, मोबाइलची कव्हरं विकणारा माणूस. त्याला उठवून लावणं सोपं असतं, म्हणून कारवाई तिथंच सुरू होते आणि तिथंच संपते. सिंगापूरच्या पालिकेनं १८८८ साली अशाच वाटा जोरजबरदस्तीनं रिकाम्या करायला घेतल्या तेव्हा दंगल उसळली होती. आपल्याकडे २०१४चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीनं जागा ठरवायच्या असतात. रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत विक्रीला मनाई करणारा उच्च न्यायालयाचा २०१७चा आदेश सीएसएमटीजवळ लागू होतो आणि तो पाळायलाच हवा. पण त्यापलीकडे दोन खांबांमधल्या खोबणीत, चालायची रुंदी न अडवता, बसून काम करणारे कारागीर या रस्त्याच्या जगण्याचा भाग आहेत. त्यांना जागा आखून द्यावी, परवाना द्यावा, आणि चालायची पट्टी किती रुंद राहिलीच पाहिजे हे फरशीवरच वेगळ्या दगडानं दाखवावं. ती पट्टी अडवणाऱ्याला, मग तो फेरीवाला असो की काचेचं कपाट पुढे सरकवणारा मोठा दुकानदार, एकच नियम लावावा. आज फेरीवाला उठतो आणि कपाट तिथंच राहतं. हा अन्याय आहे.

काही जण विचारतील की गोऱ्या साहेबांनी आपल्या दिमाखासाठी बांधलेला रस्ता आपण का जपावा? हा प्रश्न मी मनापासून गंभीरपणे घेतो, कारण वारशाच्या नावाखाली कधी कधी नुसत्या साम्राज्याच्या आठवणी कुरवाळल्या जातात. पण डी. एन. रोडवरच्या इमारती कोणी उभ्या केल्या ते पाहावं. पेटिट आणि जीजीभॉय या पारशी घराण्यांचा पैसा, बानांसारखे इथले वास्तुकार. अंजुमन-इ-इस्लामच्या १८७४च्या स्थापनेत पुढाकार घेणारे बद्रुद्दीन तय्यबजी, जे १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दगड घडवणारे हात तर इथलेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज याच रस्त्यावर आनंद भवनात आलं आणि फोर्टासारख्या धनिकांच्या भागात गिरणगावातली, चाळींतली, वस्त्यांतली मुलं हक्कानं वावरू लागली. व्हाइटअवे लेडलॉ हे विलायती मालाचं दुकान जिथं होतं त्या वास्तूत १९५४ पासून खादी विकली जाऊ लागली. रस्त्याला नाव आहे ते हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते हे आकडेवारीनिशी मांडणाऱ्या दादाभाईंचं. आणि हा रस्ता जिथं संपतो तिथं, २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराच्या जागी, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. एवढ्या थरांचा रस्ता कुण्या हॉर्नबीचा राहिलेला नाही. उलट आर्केड हाच त्याचा सर्वांत लोकशाही भाग. वरच्या मजल्यावरचं वाचनालय सभासदांचं, अग्यारी पारशी भाविकांची, कचेरी मालकाची, पण खालची वाट ज्याला पाय आहेत त्या प्रत्येकाची.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि अग्रक्रमाचा. मानखुर्द-गोवंडीत धड फुटपाथ नाहीत, मग फोर्टातल्या दगडांवर खर्च कशाला, असं विचारणं रास्त आहे. तिथले फुटपाथ आधी व्हावेत याला माझा विरोध असूच शकत नाही. पण ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. आर्केडसाठी जागा संपादित करायची नाही, काही पाडायचं नाही, छप्पर नव्यानं घालायचं नाही. शहरात कोट्यवधी रुपये खर्चून लोखंडी स्कायवॉक बांधले गेले आणि त्यांतल्या अनेकांवर माणसं चढतच नाहीत. इथं मात्र माणसं जिथून चालतात त्याच पातळीवर झाकलेली वाट तयार आहे. शिवाय आता निकड वाढली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि सीएसएमटी व हुतात्मा चौक ही भुयारी स्थानकं या रस्त्याच्या फोर्टातल्या टप्प्याच्या दोन टोकांना आली. जमिनीखाली हजारो कोटींची यंत्रणा, आणि जिना चढून वर आलं की पहिल्याच पन्नास पावलांत उखडलेली फरशी, हा विरोधाभास रोज असंख्य लोक अनुभवणार आहेत. मेट्रोनं आलेली माणसं कचेरीपर्यंत पायीच जाणार. त्यांच्यासाठी नवी सोय उभारण्याआधी असलेली दुरुस्त करणं हा साधा व्यवहार आहे.

म्हणून आपल्याकडे मागणं असं. येत्या पावसाळ्याआधी ‘ए’ विभागानं सीएसएमटी ते हुतात्मा चौक या टप्प्यातल्या आर्केडची कमानीगणिक पाहणी करावी: प्रत्येक खांबाची आणि छताची अवस्था, फरशीची पातळी, पाणी कुठून गळतं, वाट कुणी आणि किती अडवली आहे. ही पाहणी नकाशासह लोकांपुढे ठेवावी. जिथं छताचा गिलावा पडायच्या बेतात आहे तिथं मालकाची वाट न पाहता महापालिकेनं तातडीनं आधार द्यावा. वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्यानं संपूर्ण वाटेसाठी एकच खरबरीत दगड, एकच पातळी आणि गल्ल्यांच्या तोंडाशी उतार ठरवावेत. मालकांशी वाटाघाटी करून चालण्याचा हक्क नोंदवायचं काम विधी खात्याकडे सोपवावं. त्या वाटाघाटींना वेळ लागेल हे उघड आहे, पण सुरुवात सोपी आहे. पेटिट इन्स्टिट्यूटसारख्या ज्या संस्थांनी आपल्या वास्तूंची जबाबदारी आधीच उत्तम पेलली आहे त्या पहिल्या सहीला तयार होतील अशी मला आशा वाटते, आणि एका रांगेतल्या चार-पाच इमारतींचा सलग टप्पा झाला की बाकीच्यांना नाही म्हणणं अवघड जाईल. अंदाजपत्रकात रस्ते व वाहतूक खात्याखाली ‘डी. एन. रोड आर्केड’ या नावाचं स्वतंत्र शीर्ष उघडावं आणि त्याखाली एका अभियंत्याचं नाव असावं. हे शीर्ष यंदा उघडता येईल का, एवढं जाहीर उत्तर आपल्याकडून मिळावं.

आपला,
एक मुंबईकर